अकरावीच्या शिक्षकाला बी.एड. लागतं, मग एफ.वाय.च्या प्राध्यापकाला शिकवायला कोण शिकवतं?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावातलं कॉलेज घ्या. एकच इमारत, एकच संस्था, एकच गेट. तळमजल्यावर अकरावी-बारावीचे वर्ग भरतात, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय. वरच्या मजल्यावर एफ.वाय., एस.वाय., टी.वाय., म्हणजे वरिष्ठ महाविद्यालय. खाली बारावीला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडे एम.ए.बरोबर बी.एड. असावं लागतं. पाठ घेण्याचा सराव, पाठ टाचण, मूल्यमापन, मुलांचं मानसशास्त्र हे सगळं त्यांनी वर्गात उभं राहण्याआधी केलेलं असतं. वर एफ.वाय.ला तेच अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडे मात्र अध्यापनाची कुठलीही पदवी असण्याची अट नाही.

मुलं तीच आहेत. मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि जून-जुलैत ती जिना चढून वर जातात. दोन महिन्यांत त्यांच्यात असा काय बदल होतो, की आता त्यांना शिकवायला शिकवण्याचं प्रशिक्षण लागत नाही?

हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण देशात अनेक वर्षं त्यावर समित्या बसल्या आहेत, योजना निघाल्या आहेत, त्या योजनांची नावं बदलली आहेत आणि लाखो प्राध्यापकांच्या पगारवाढीच्या फायली त्यावर अडल्या आहेत. हे प्रकरण नेमकं काय आहे, ते पाहू.

प्राध्यापक व्हायला लागतं तरी काय?

सहाय्यक प्राध्यापक होण्यासाठी संबंधित विषयात किमान ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी (राखीव प्रवर्गांना त्यात सवलत) आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण असणं, ही मुख्य अट. पीएच.डी. असणाऱ्यांना ठरावीक निकषांवर नेट-सेटमधून सूट मिळते. १ जुलै २०२३पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नेट-सेट हीच किमान पात्रता ठरवली आणि पीएच.डी. ऐच्छिक केली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

आता या परीक्षेत शिकवण्याचा भाग किती? पेपर एकमध्ये ५० प्रश्न असतात आणि त्याचे दहा घटक असतात. त्यातला एक घटक म्हणजे अध्यापन अभियोग्यता. प्रत्येक घटकावर पाच प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. म्हणजे दोन्ही पेपर मिळून ३०० गुणांच्या परीक्षेत थेट शिकवण्यावरचे गुण साधारण दहा. तेही चार पर्यायांतून एक निवडायचं. खडू हातात घेऊन एखाद्या पोराला सीमांत उपयोगिता समजावून सांगता येते का, हे या परीक्षेत कुठेच तपासलं जात नाही.

पीएच.डी.चंही तसंच. पाच वर्षं एखाद्या विषयाच्या एका कोपऱ्यात खोल उतरायचं, प्रबंध लिहायचा, तोंडी परीक्षा द्यायची. त्या कोपऱ्याचा आणि एफ.वाय.च्या अभ्यासक्रमाचा संबंध असेलच असं नाही.

यामागची समजूत जुनी आहे. आडात असलं की पोहऱ्यात येणारच. विषय येतो म्हणजे शिकवता येतंच. जगभरातली विद्यापीठं बराच काळ याच समजुतीवर चालली. मुलं मोठी झाली आहेत, ती आपली आपण वाचतील, प्राध्यापकाने फक्त वाट दाखवायची, असा हिशेब होता. विद्यापीठात मूठभर मुलं जात होती तोवर तो खपूनही गेला. घरातली पहिलीच व्यक्ती पदवीला आलेली आहे, दहावी-बारावी मराठी माध्यमातून झाली आहे आणि आता कॉमर्सची इंग्रजी पुस्तकं समोर आहेत, अशी मुलं वर्गात आली की हा हिशेब कोलमडतो.

सरकारला हे कळलं नव्हतं का?

कळलं होतं. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळेबरोबरच उच्च शिक्षणातल्या नव्या शिक्षकांनाही सुरुवातीला मार्गदर्शन मिळावं, असं सुचवलं होतं. अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी १९६०च्या दशकात चेन्नई, कोलकाता, भोपाळ आणि चंदीगड इथे खास प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. आज त्या एनआयटीटीटीआर या तोंडात न बसणाऱ्या नावाने ओळखल्या जातात.

पण कला, वाणिज्य, विज्ञानाच्या साध्या कॉलेजांसाठी खरी हालचाल झाली ती १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर. त्या धोरणाने शिक्षकांची गुणवत्ता, त्यांचा पगार आणि त्यांची बढती एकमेकांशी जोडण्याची भाषा केली. १९८७मध्ये यूजीसीने विद्यापीठांमध्ये अॅकॅडमिक स्टाफ कॉलेज ही योजना सुरू केली. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, गोवा अशा विद्यापीठांत ही केंद्रं आली. पुढे देशभरात त्यांची संख्या ६६ झाली.

इथे दोन प्रकारचे वर्ग चालायचे. एक ओरिएंटेशन, नव्या प्राध्यापकांसाठी, चार आठवड्यांचा. त्यात शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समाज आणि शिक्षण, अध्यापनाच्या पद्धती, संगणक असं सगळं थोडं थोडं. दुसरा रिफ्रेशर, म्हणजे उजळणी वर्ग, आपापल्या विषयातलं नवं काय ते सांगणारा, तीन आठवड्यांचा, जो पुढे दोन आठवड्यांवर आला.

या वर्गांना जाऊन आलेले जुने प्राध्यापक त्याबद्दल अजूनही रंगून बोलतात. बहुतेकांना आठवतात ती तिथली माणसं. गडचिरोलीचा इतिहासाचा प्राध्यापक आणि रत्नागिरीचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक महिनाभर एकाच वसतिगृहात राहणार, रात्री गप्पा मारणार, एकमेकांच्या कॉलेजची रडगाणी ऐकणार. आपल्या वर्गातली मुलं गप्प का बसतात, हा प्रश्न फक्त आपलाच नाही, हे पहिल्यांदा तिथे कळायचं. प्रशिक्षणाच्या कागदावर याची नोंद नसते, पण तो महिना बऱ्याच जणांना पुरला.

मग घोडं अडलं कुठे?

घोडं अडलं बढतीच्या दारात.

प्राध्यापकांच्या बढतीची एक ठरलेली शिडी आहे. तिला करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम, थोडक्यात ‘कॅस’ म्हणतात. सातव्या वेतन आयोगानुसार सहाय्यक प्राध्यापक लेव्हल १० वर लागतो, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. पुढची पायरी लेव्हल ११, तिची सुरुवात ६८,९०० रुपयांपासून. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, एम.फिल. असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षांनी ही पायरी चढता येते. पण त्यासाठी अध्यापन पद्धतीवरचा २१ दिवसांचा ओरिएंटेशन वर्ग पूर्ण हवा. शिवाय रिफ्रेशर किंवा संशोधन पद्धतीचा वर्ग हवा, किंवा त्याऐवजी किमान आठवडाभराच्या दोन कार्यशाळा, किंवा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम प्रमाणपत्रासह.

हेतू चांगला होता. सक्ती नसेल तर कोण जाणार? पण सक्ती आली आणि प्रशिक्षणाचा अर्थच बदलला. वर्गात काय शिकलो, यापेक्षा प्रमाणपत्रावरची तारीख महत्त्वाची झाली. बढतीची देय तारीख जवळ आली की धावाधाव. जागा मिळाली नाही की बढती लांबली, थकबाकी लांबली. वर्ग पूर्ण करण्याची मुदत आयोगाला वारंवार वाढवून द्यावी लागली, कारण प्राध्यापक जास्त आणि केंद्रांतल्या जागा कमी.

मराठीत ‘पाट्या टाकणे’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. अनेक प्रशिक्षण वर्गांत दोन्ही बाजूंनी तेच होऊ लागलं. व्याख्याता दोन तास बोलून जातो, समोरचे ऐकल्यासारखं करतात, शेवटी चहा, समूह छायाचित्र आणि प्रमाणपत्र. यातला विनोद असा की ‘व्याख्यान देणं म्हणजेच शिकवणं नव्हे’ या विषयावरही तिथे व्याख्यानच दिलं जायचं.

मधल्या काळात नावं बदलत गेली. २०१४च्या डिसेंबरमध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नावाने शिक्षक प्रशिक्षणाचं राष्ट्रीय मिशन जाहीर झालं. स्टाफ कॉलेजांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं. ५ सप्टेंबर २०२३ला त्याची पुन्हा मांडणी होऊन देशभरात १११ मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं आणि १५ लाख शिक्षकांचं लक्ष्य जाहीर झालं. नव्या प्राध्यापकांसाठी ‘गुरुदक्षता’ नावाचा महिनाभराचा वर्ग, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची ओळख करून देणारे छोटे ऑनलाइन वर्ग, भारतीय ज्ञानपरंपरा, समावेशक शिक्षण, डिजिटल साधनं असे विषय त्यात आले. २०१८मध्ये ‘अर्पित’ नावाने स्वयम पोर्टलवर ४० तासांचे अभ्यासक्रमही आले होते. त्याची परीक्षा दिली की तो एका रिफ्रेशरच्या बरोबरीचा.

आणि २०२०. कोरोनाचं पहिलं वर्ष आठवा. प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज दहा-दहा वेबिनारच्या लिंक यायच्या. शेवटी गुगल फॉर्म भरला की मेलवर आपोआप प्रमाणपत्र. वेबिनार चालू, कॅमेरा बंद, कुकरची शिट्टी झाली, पण प्रमाणपत्र आलं. कॉलेजांनाही ते हवंच होतं, कारण नॅकच्या मूल्यांकनात किती शिक्षकांनी प्रशिक्षण कार्यक्रम केले, याची टक्केवारी विचारली जाते. कागदी घोडे या काळात पीडीएफच्या वेगाने धावले.

वर्गातलं शिकवणं मोजतात कसं?

हा या सगळ्यातला सर्वांत कळीचा मुद्दा आहे, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

२०१८च्या नियमांत प्राध्यापकाच्या अध्यापनाचं मूल्यमापन असं होतं: वर्षभरात जेवढ्या तासिका वाट्याला आल्या, त्यातल्या किती घेतल्या? ८० टक्के किंवा जास्त असतील तर ‘चांगलं’. ७० ते ८०च्या मध्ये ‘समाधानकारक’. ७०च्या खाली ‘असमाधानकारक’. बस्स.

म्हणजे प्राध्यापक वर्गात गेला का, हे मोजलं जातं. त्याने वर्गात काय केलं आणि त्यातून मुलांना काय आलं, हे नाही. बाकीचे गुण परीक्षा, एनएसएस, समित्या, शोधनिबंध यांवर. समजा एखाद्या मॅडमने उन्हाळाभर खपून आपला सांख्यिकीचा विषय नव्याने बसवला, गावातल्या बाजारभावांची उदाहरणं घातली, नापास होणारी मुलं निम्म्यावर आणली. दुसऱ्या सरांनी दहा वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवल्या. दोघांनीही ८० टक्के तासिका घेतल्या असतील तर शिकवण्याच्या रकान्यात दोघंही ‘चांगले’च.

आता या मॅडमने पुढच्या उन्हाळ्यात काय करावं? नियम तिला सांगतात, शोधनिबंध लिही.

प्रशिक्षणाने खरंच फरक पडतो का?

हा रास्त प्रश्न आहे. काही जण जन्मजात शिक्षक असतात आणि बाकीच्यांना कितीही शिकवा, उपयोग नाही, असंही म्हटलं जातं.

याचं उत्तर शोधायचा एक मोठा प्रयत्न ग्रॅहम गिब्ज आणि मार्टिन कॉफी या ब्रिटिश संशोधकांनी केला. आठ देशांतल्या २२ विद्यापीठांमधले प्रशिक्षण घेतलेले नवे शिक्षक त्यांनी पाहिले आणि तुलनेसाठी कुठलंही प्रशिक्षण न मिळालेलेही पाहिले. २००४मध्ये आलेल्या या अभ्यासात प्रशिक्षित शिक्षकांचं शिकवणं वर्षभरात सुधारलेलं दिसलं. ज्यांना काहीच आधार नव्हता, ते होते तिथेच राहिले किंवा मागे सरकले. अनुभवाने शिक्षक आपोआप सुधारतो, या समजुतीला हा चांगलाच धक्का आहे. एकट्या पडलेल्या नव्या शिक्षकाला अनुभव बऱ्याचदा एवढंच शिकवतो की कसंबसं निभावून कसं न्यायचं.

दुसरी गोष्ट हार्वर्डची. एरिक माझूर तिथे भौतिकशास्त्र शिकवायचे आणि विद्यार्थ्यांचे लाडके होते. १९९०च्या सुमारास त्यांनी डेव्हिड हेस्टेनेस यांच्या गटाने तयार केलेली एक साधी चाचणी आपल्या वर्गाला दिली. गणितं नाहीत, फक्त रोजच्या भाषेतले बलाविषयीचे प्रश्न. ट्रक आणि लहान गाडी धडकली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, अशा धाटणीचे. एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला खरं वाटतं तशी? निकाल पाहून माझूर हादरले. अवघड गणितं सोडवणाऱ्या मुलांना मूळ कल्पनाच कळली नव्हती. त्यानंतर त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून एक प्रश्न टाकायला सुरुवात केली. मुलांनी आधी स्वतः उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं.

हे हार्वर्डमध्ये चालेल, आपल्याकडे १२० मुलांच्या वर्गात कसं चालणार, असं वाटत असेल तर पवईचं उदाहरण पाहा. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गाला शेकडो मुलं एका सभागृहात बसतात. तिथे ‘विचार करा, जोडीने बोला, सगळ्यांना सांगा’ अशी तीन टप्प्यांची पद्धत वापरली गेली. मुलं खरंच काम करतात की टंगळमंगळ, हे निरीक्षकांनी बसून टिपलं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली आढळली. लागलं काय? बरा बेतलेला एक प्रश्न, घड्याळ आणि काही मिनिटं गप्प बसण्याची शिक्षकाची तयारी. यातलं तिसरं सर्वांत अवघड.

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांची एकत्रित छाननी २०१४मध्ये अमेरिकेत झाली. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. शंभर मुलांमागे बारा मुलं. नापास झाल्यावर मुलीचं कॉलेज बंद करून स्थळं बघायला घेणाऱ्या घरात या बारांपैकी एक असण्याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

मग प्रशिक्षण घेऊन आलेले प्राध्यापक हे का करत नाहीत?

काही करतात. बऱ्याच जणांचे नव्याचे नऊ दिवस असतात.

त्याची कारणं आळसापेक्षा वेगळी आहेत. सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापनाचा भार असतो. त्यावर परीक्षा, पेपर तपासणी, नॅकच्या फायली, प्रवेश समिती, शिवाय निवडणुकीची कामं. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, प्रश्नपत्रिका विद्यापीठाची. वर्गात चर्चा घडवून दोन प्रकरणं राहिली तर तक्रार प्राचार्यांकडे जाते. बाक जमिनीला ठोकलेले असतात. आणि नव्या धोरणाने आलेले नवे विषय, नवी क्रेडिटची गणितं, सत्र सुरू झाल्यावर हातात पडणारा अभ्यासक्रम हे वेगळंच.

शिवाय मुलांना सुरुवातीला हे आवडत नाही. हार्वर्डमध्येच २०१९मध्ये एक अभ्यास झाला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आलटून पालटून दोन पद्धतींनी शिकवलं. स्वतः काम करून शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, स्वतः सोडवताना अडखळायला होतं. ‘सर काही शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात’ ही तक्रार कुठून येते, ते इथे कळतं. ज्याच्या पाठीशी कोणी नाही असा नवा प्राध्यापक ही तक्रार ऐकून पुन्हा नोट्स सांगायला लागतो. मुलंही खूश, प्राचार्यही खूश.

म्हणून खरा प्रश्न २१ दिवसांच्या वर्गात काय होतं याहून जास्त, बाविसाव्या दिवशी काय होतं, हा आहे.

बाविसाव्या दिवसाची सोय कुठे आहे?

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६२मध्ये अध्यापनाला आधार देणारं केंद्र सुरू केलं. त्या देशातलं हे अशा प्रकारचं पहिलं केंद्र मानलं जातं. त्याची एक सेवा साधी आहे. सत्राच्या मध्यावर प्राध्यापकाने बोलावलं तर केंद्राचा माणूस वर्गात येतो, बसून तास पाहतो. शेवटची वीसेक मिनिटं प्राध्यापक बाहेर जातो. हा माणूस मुलांचे गट करून विचारतो: शिकायला कशाची मदत होते आहे? काय बदलायला हवं? ज्यावर बहुतेकांचं एकमत आहे ते तो टिपून घेतो आणि नंतर प्राध्यापकाशी एकट्याशी बोलतो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हे सत्राच्या मध्यावर होतं, म्हणजे सुधारायला वेळ उरतो. आपल्याकडे विद्यार्थ्यांचा अभिप्राय वर्ष संपताना घेतला जातो. तक्रार करणारी मुलं गेली, सुधारणेचा फायदा पुढच्यांना, झालीच तर. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही माहिती विभागप्रमुखाकडे जात नाही, बढतीच्या फायलीत लागत नाही. ती फक्त त्या प्राध्यापकाची. मदत आणि मोजमाप एकाच टेबलावर आलं की माणूस आपली अडचण लपवतो. आपला वर्ग हाताबाहेर जातो, हे जो माणूस गोपनीय अहवाल लिहिणार आहे त्याला कोण सांगेल?

भारतात असं काहीच नाही, असं नाही. मुंबईत केईएम रुग्णालयाला जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात २००५पासून वैद्यकीय शिक्षकांसाठी दोन वर्षांची फेलोशिप चालते. काही दिवस एकत्र यायचं, मग आपल्या कॉलेजात परत जाऊन शिकवण्यातला एखादा खरा बदल करून पाहायचा, वर्षभर मार्गदर्शकाशी आणि सहकाऱ्यांशी संपर्कात राहायचं, पुढच्या वर्षी परत येऊन काय झालं ते मांडायचं. इथे प्रशिक्षणाचा मुख्य भाग प्रशिक्षण केंद्राबाहेर, स्वतःच्या वर्गात घडतो. वैद्यकीय क्षेत्रात शिक्षकांसाठी मूलभूत प्रशिक्षण बढतीशी जोडलं आहेच, पण कॉलेजातच वैद्यकीय शिक्षण विभाग असल्याने परतल्यावर बोलायला चार माणसं असतात. कला-वाणिज्यच्या कॉलेजात असा विभाग शोधून सापडणं कठीण.

आयआयटी मुंबईने दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प राबवला, तेव्हा त्यांनी सगळ्यांना पवईला बोलावलं नाही. देशभरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत केंद्रं केली. व्याख्यान पवईहून थेट यायचं, पण प्रात्यक्षिक त्या त्या केंद्रावर, तिथल्या समन्वयकाच्या मदतीने. पुण्यात राज्य सरकारची महाराष्ट्र राज्य अध्यापक विकास संस्थाही याच कामासाठी आहे.

आणि ज्यांना यातलं काहीच मिळत नाही?

आतापर्यंत ज्या प्राध्यापकांबद्दल बोललो, ते कायम नोकरीतले. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या एफ.वाय.च्या वेळापत्रकात डोकावलं, तर अनेक तासांसमोर ज्यांची नावं दिसतात ते ‘सीएचबी’ असतात. क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वावर. घेतलेल्या तासाचे पैसे. सुट्टी असली, परीक्षा असली, तास झाला नाही, की पैसे नाहीत. नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. यातले अनेक जण नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले आहेत.

आता वरची सगळी व्यवस्था यांना लावून पाहा. प्रशिक्षणाचं आमिष म्हणजे बढती, आणि यांना बढतीच नाही. प्रशिक्षणासाठी कायम प्राध्यापकाला कर्तव्य रजा मिळते, पगार चालू राहतो. तासिकावाल्याने २१ दिवसांचा वर्ग केला तर त्या दिवसांच्या तासिका बुडाल्या, म्हणजे पैसे बुडाले. किमान तीन शैक्षणिक सत्रं शिकवलेल्या कंत्राटी आणि अर्धवेळ शिक्षकांना ओरिएंटेशन-रिफ्रेशरला प्रवेश देण्याची मुभा स्टाफ कॉलेजांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये होती. कागदावर दार उघडं होतं. पण कॉलेजने शिफारसपत्र द्यायचं आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाला घ्यायचं की नाही हे माहीत नसताना त्याच्यावर खर्च का करायचा, असा विचार संस्था करते.

परिणाम असा, की बारावीहून नुकती आलेली, सर्वांत जास्त आधाराची गरज असलेली मुलं बऱ्याचदा त्यांच्याकडे सोपवली जातात ज्यांना स्वतःलाच सर्वांत कमी आधार आहे. अनुभवी, प्रशिक्षित प्राध्यापक टी.वाय. आणि एम.ए.चे वर्ग घेतात. त्यात प्रतिष्ठा आहे.

काही तासिका प्राध्यापक आपल्या परीने वाट काढतात. स्वयम आणि एनपीटीईएलवर अध्यापनशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे लागत नाहीत, फक्त परीक्षेचं प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क. मालवीय मिशनचे छोटे वर्ग ऑनलाइन असल्याने गावात राहून करता येतात. आणि ज्याला कुठलंच केंद्र, कुठलीच फाइल लागत नाही असा एक उपाय सत्राच्या मध्यावर कुठल्याही वर्गात करता येतो: अर्धा कागद, नाव न लिहिता तीन प्रश्न. काय समजतंय, काय समजत नाही, मी काय बदलू? मराठीत लिहा म्हटलं तर मुलं भरभरून लिहितात. ‘सर, फळ्यावर खालच्या ओळी मागून दिसत नाहीत’ इथपासून ‘इंग्रजी शब्द आला की एकदा मराठीत सांगा, मग परत इंग्रजीत बोला’ इथपर्यंत.

पहिली तक्रार दुसऱ्या दिवशीच मिटते. दुसरीसाठी एखाद्या अनुभवी सहकाऱ्याशी बोलावं लागतं. तासिका प्राध्यापकाला मात्र पुढच्या तासासाठी अनेकदा दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कॉलेजात जायचं असतं आणि एस.टी. सुटायला दहा मिनिटं उरलेली असतात.